माझं पात्रच तसं आहे!

मित्राचा खून करू नये, याबाबत जगातल्या यच्चयावत धर्मांचं, कायद्यांचं आणि आमच्या हाउसिंग सोसायटीच्या पोटनियमांचं एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते पुढच्या बारीकसारीक तपशिलांत. समजा, मित्र खरा आहे, समोरच्या खुर्चीवर बसून वेफर्स खातो आहे. पण खून झाला तो त्याच्या काल्पनिक अवताराचा. खून करणाराही तुमचा काल्पनिक अवतारच. सुरा काल्पनिक, रक्त काल्पनिक, ज्या गुहेत हा प्रकार घडला ती गुहाही काल्पनिक. त्यानंतर त्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मात्र खरं. तर मग गुन्हा झाला की नाही? आणि झाला असेल तर आरोपी कोण?

तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ रिटायर झालेला दिसतोय. झालोय हे खरं, पण हा प्रश्न माझ्या रिकाम्या डोक्यातून निघालेला नाही. गेली पन्नास वर्षं चांगली शिकलीसवरलेली, नोकरीधंदा करणारी माणसं रात्री-रात्री टेबलाभोवती बसून या प्रश्नावर भांडत आली आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा जो खेळ आहे, त्याचं हे सनातन दुखणं आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच भिडू आणि एक सूत्रधार टेबलाभोवती बसतात. प्रत्येक भिडू एकेक पात्र घेतो. कुणी लढवय्या होतो, कुणी मांत्रिक, कुणी चोर, कुणी दाढीवाला बुटका. सूत्रधार गोष्ट सांगू लागतो : "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतोय." मग भिडूंनी सांगायचं, आपण काय करतो ते. कुणी म्हणतो, मी मशाल पेटवतो. कुणी म्हणतो, मी बाहेरच थांबतो. (हे बहुधा मी असतो.) केलेली गोष्ट साधली की फसली हे वीस बाजूंचा एक फासा टाकून ठरवायचं. थोडक्यात, हे कीर्तनच. फरक एवढाच की इथे श्रोत्यांना मधेच उठून कथेत शिरायची आणि बुवांच्या आख्यानाचं वाटोळं करायची पूर्ण मुभा असते. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि खेळ संपतही नाही. पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे चालू. वर्षानुवर्षं.

आता गोम अशी, की सगळ्यांचा शत्रू एकच असतो. राक्षस, भुतं, तो घोरणारा ड्रॅगन. भिडूंची पात्रं म्हणजे एक टोळी. खांद्याला खांदा लावून लढायचं, लूट वाटून घ्यायची. असं सगळं सुरळीत चालू असताना एखाद्या शनिवारी एखादा भिडू सूत्रधाराला शांतपणे सांगतो, "मी ड्रॅगनवर वार करत नाही. मी आमच्या मांत्रिकाच्या पाठीत सुरा खुपसतो." टेबलावर एकदम शांतता पसरते. या प्रकाराला खेळणारी मंडळी 'पीव्हीपी' म्हणतात, म्हणजे भिडूविरुद्ध भिडू. आपल्याकडे भाऊबंदकी हा अधिक नेमका शब्द आहे.

गंमत म्हणजे ही भाऊबंदकी ड्रॅगनपेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस आणि सेंट पॉल अशी जुळी शहरं आहेत. तिथे 1969 साली डेव्हिड वेझली नावाच्या तरुणाने मित्रांसाठी नेपोलियनच्या काळातलं एक लुटुपुटीचं युद्ध योजलं. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, त्यावर चाल करून येणारं सैन्य. पण या पठ्ठ्याने नवीनच शक्कल काढली. फक्त सेनापतींची कामं न देता गावातल्या लोकांचीही कामं मित्रांना वाटून दिली. झालं! सैन्य राहिलं बाजूला. जो तो कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागला, कटकारस्थानं सुरू झाली, आणि दोन भिडू येऊन वेझलीला म्हणाले, "आमचं द्वंद्व ठरलंय." द्वंद्वाचे नियमच केलेले नव्हते. बिचाऱ्याने ते उभ्या-उभ्या केले. खेळ पार हाताबाहेर गेला, आपला प्रयोग फसला असं त्याला वाटलं. मित्र मात्र विचारायला लागले, "पुन्हा कधी?"

त्या मित्रांतल्या डेव्ह आर्नेसनने पुढे आईवडिलांच्या घराच्या तळघरात हा प्रकार राक्षस आणि किल्ले घालून वाढवला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने त्याला नियमांत बसवलं. हा गृहस्थ आधी विमा कंपनीत होता आणि ती नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करायचा. संकटाची शक्यता किती आणि झिजलेल्याला सांधायचं कसं, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या. 1974 साली दोघांच्या नावावर तीन पुस्तिकांची एक पेटी निघाली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. पुस्तिकांत राक्षसांना कसं मारायचं ते सविस्तर दिलं होतं. मित्राला मारावं का, याबद्दल मात्र नीतिशास्त्राचा एकही परिच्छेद त्यात नव्हता.

माझा भाचा याच जुळ्या शहरांत नोकरी करतो. बहिणीबरोबर मी त्याच्याकडे दोन महिने राहून आलो. तिथल्या घरांना तळघर असतं आणि तिथल्या हिवाळ्याला अंत नसतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की असले खेळ निघणारच. दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या तळघरात पाच जण जमत. भाचा सूत्रधार. त्याने मला एका भाडोत्री पहारेकऱ्याचं पात्र दिलं होतं. पात्राच्या नावात सात व्यंजनं आणि एक स्वर होता, त्यामुळे मला सगळे 'मामा'च म्हणत. त्यांतल्या दोन अमेरिकनांची तर समजूत होती की मामा हे माझं पाळण्यातलं नाव आहे.

या मंडळींत एक अकाउंटंट होता. इतका सज्जन, की बाजारात दुसऱ्यांनी भलतीकडे सोडलेल्या ढकलगाड्यासुद्धा जागेवर नेऊन ठेवायचा. खेळात तो चोर होता. दुसरा एक शाळामास्तर. खेळात दाढीवाला बुटका. हा बुटका त्याने तीन वर्षं वाढवला होता. त्याचं चित्र काढलं होतं, त्याच्या दाढीच्या वेण्यांना अर्थ होते, आजोबांची हातोडी त्याच्या कमरेला होती. एका शनिवारी बुटका झोपलेला असताना चोराने त्याच्या थैलीतली जादूची अंगठी काढली. फाशाने दगा दिला, बुटका जागा झाला. चोराने सुरा काढला. आता मात्र फाशाने साथ दिली, वीसपैकी वीस. बुटका खलास.

मास्तराने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि तो कुणाकडेही न बघता पाणी प्यायला उठला. अकाउंटंट कानकोंडा होऊन म्हणाला, "माफ कर, पण मी काय करणार? माझं पात्रच तसं आहे. तो चोर आहे. त्याने असंच केलं असतं."

मग तळघरात अशी काही जुंपली, की वर झोपलेली बहीण जिना उतरून आली. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तू सगळ्यांत मोठा. तूच सांग काय ते." मी म्हटलं, चहा होऊ द्या. हिंदुस्थानात न्यायदानाला निदान तेवढा अवधी असतोच.

चहा उकळेपर्यंत मी एकेक मुद्दा घासून पाहिला. पहिला मुद्दा, नुकसान कुणाचं झालं? मेला तो कागदावरचा बुटका. बुद्धिबळात आपण समोरच्याचा वजीर मारतो, तेव्हा त्याच्या घरी कुणी सुतक पाळत नाही. खरं आहे. पण वजीर पटावर येतो तो मारला जाण्याच्या तयारीने. तो तसाच ठरलेला असतो. ॲलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकनाने 1959 साली 'डिप्लोमसी' नावाचा पटावरचा खेळ बाजारात आणला. पहिल्या महायुद्धापूर्वीचं युरोप, सात सत्ता, आणि फासा मुळीच नाही. प्रत्येक चालीआधी भिडूंनी बाजूला जाऊन एकमेकांना वचनं द्यायची आणि मग ती खुशाल मोडायची. वचन पाळण्याचा नियमच नाही. विश्वासघाताचं हे शास्त्र शोधणारा माणूस पुढे पोस्टमन झाला आणि लोकांची पत्रं घरोघर इमानाने पोचवत राहिला. 1984 साली निघालेला 'पॅरानोया' तर त्याच्याही पुढचा. तिथे भिडूंनी गद्दार शोधून मारायचे असतात, आणि प्रत्येक भिडू स्वतःच छुपा गद्दार असतो. एकमेकांना मारणार हे इतकं गृहीत, की प्रत्येकाला स्वतःच्या सहा नकला मिळतात. एक मेली की दुसरी हजर. या खेळांत पाठीत सुरा बसला तर माणूस टाळी देतो. कारण टेबलाशी बसतानाच पाठ उघडी टाकून बसलेला असतो. आमचा शाळामास्तर मात्र पाठीशी मित्र आहेत या भरवशावर बसला होता. त्याची तीन वर्षं आणि दीडेकशे शनिवार चोरीला गेले, अंगठी तर किरकोळ.

दुसरा मुद्दा, नियमात बसतं ना? हो, बसतं. नियमांनी चोराला खिसे कापण्याची कला दिलेली आहे. 1975 साली तर एका पुरवणीत मारेकरी हा रीतसर पेशा म्हणून दाखल झाला, आणि 1989 च्या आवृत्तीत गुपचूप वगळला गेला. पण नियमात बसणं आणि शोभणं यांत अंतर आहे. लग्नाच्या पंगतीत अकरावी जिलबी मागायला कायद्याने बंदी नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत बिकट. माझं पात्रच तसं आहे! हे वाक्य ऐकायला मोठं कलावंताचं वाटतं. आपल्याकडे दुःशासनाचं काम करणाऱ्या नटाला कुणी बोलत नाही, उलट त्याने द्रौपदीच्या निरीला जरा हळू हात घातला तर काम पडलं असं म्हणतात. भूमिकेशी प्रामाणिक राहायला नको? राहायला हवं. पण दुःशासन झालेल्या नटाला एक सोय असते. "वस्त्रहरण का केलंस?" असं विचारलं, तर तो व्यासांकडे बोट दाखवू शकतो. या खेळात व्यास कुठून आणायचे? इथे नट तोच, नाटककारही तोच. चोराच्या तोंडी वाक्य घालणारा, त्याच्या हातात सुरा देणारा, त्याला त्याच रात्री त्याच थैलीशी नेणारा आमचा अकाउंटंटच. उद्या त्याच्या मनात आलं असतं तर चोराला सर्दी झाली असती, शिंक आली असती, आईची आठवण झाली असती. चोरसुद्धा हजार तऱ्हांनी चोर राहू शकतो. त्यातली मित्राला रडवणारी तऱ्हा निवडली ती चोराने नव्हे. चोराला निवडता येत नाही. त्याला डोकंच नाही, ते अकाउंटंटच्या मानेवर आहे.

खेळाच्या पुस्तकांनीही या सबबीला खतपाणी घातलंच. सुरुवातीला पात्रांच्या स्वभावाचे तीनच प्रकार होते : सुव्यवस्थेचा, तटस्थ आणि बेबंद. 1978 च्या पुस्तकात हे नऊ झाले. त्यांतला 'बेबंद तटस्थ' हा प्रकार मला विशेष आवडला. त्याचा व्यवहारातला अर्थ, मला वाटेल तसं मी वागीन आणि कारण विचारल्यास पुस्तकाचं पान दाखवीन. आपल्याकडे हेच काम रास करते. "आमच्या ह्यांची वृश्चिक ना, मनात ठेवतात" असं सांगितलं की ह्यांनी केलेलं काहीही माफ.

आणि चहा गाळताना माझ्या लक्षात आलं, की ही सबब तळघरात जन्मलेली नाही. ती वरच्या मजल्यांवर कितीतरी आधीपासून राहते आहे. "माणूस म्हणून मला तुमचं पटतंय हो, पण या खुर्चीत बसल्यावर..." हे वाक्य आपण किती खिडक्यांपुढे उभं राहून ऐकलेलं असतं! वरमाय म्हणून, अध्यक्ष म्हणून, थोरला भाऊ म्हणून, शिस्तीचे मास्तर म्हणून माणसं काय काय करून जातात आणि सुरा पात्राच्या खिशात ठेवून आपण हात धुऊन जेवायला बसतात. सार्त्र नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने 1943 च्या आपल्या जाडजूड ग्रंथात एका कॅफेतल्या वेटरचं उदाहरण दिलं आहे. तो वेटर जरा जास्तच वेटरसारखा वागतो. झुकणं जास्त, लगबग जास्त. आपण वेटरखेरीज दुसरं काही असू शकतो हेच जणू विसरायचा त्याचा प्रयत्न. सार्त्रला त्यात स्वतःची फसवणूक दिसली. आमच्या अकाउंटंटइतका चोरासारखा चोर सार्त्रने पाहिला असता तर ग्रंथ अजून जाड झाला असता.

यावर सरळ उपाय म्हणून पुष्कळ टेबलांवर नियमच करतात, भिडूने भिडूवर हात उगारायचा नाही. भांडण संपलं. पण मला विचाराल तर त्याबरोबर थोडी मजाही संपली. ज्याच्या हातात सुराच नाही त्याने दगा दिला नाही, यात कौतुक काय? सगळेच सज्जन, सगळेच एकदिलाचे, असली टोळी मी फक्त सहकारी पतपेढीच्या अहवालातल्या फोटोत पाहिली आहे. गोष्टीला रंग चढतो तो दोन जिवलगांच्या मधे काहीतरी आडवं आलं की. महाभारतात सगळे भाऊ गुण्यागोविंदाने नांदले असते तर ते एका पर्वात आटोपलं असतं.

आणि मित्रांना एकमेकांशी सुंदर लढतानाही मी त्याच तळघरात पाहिलं आहे. आदल्याच महिन्यात दुसऱ्या दोघांनी स्वयंपाकघरात बटाटेवडे खात खात ठरवलं, की एकाच्या सरदाराने दुसऱ्याच्या राजकन्येशी बेइमानी करायची. कधी, कुठे, कशी, शेवटी कोण पडणार, सगळं. ठरवताना दोघे असे हात चोळत होते जसं काही लग्नच ठरवताहेत. खेळात तो प्रसंग आला तेव्हा टेबलावर कुणी श्वास घेईना. सरदार पडला. त्याचा भिडू खुशीत दुसरा वडा घ्यायला उठला. रंगमंचावर तलवारबाजी करणाऱ्या दोन नटांचं असंच असतं. बघणाऱ्याला वाटतं, आता मुंडकं उडतंय. पण साऱ्या नाटकात एकमेकांना सर्वांत सांभाळून घेणारे तेच दोघे असतात. पात्रांत वैर हवं असेल तर भिडूंमध्ये संगनमत लागतं.

हे आता त्या जगातल्या शहाण्यांनाही उमगलं आहे. खेळ सुरू करण्याआधी एक बैठक फक्त बोलण्यासाठी घेतात. काय चालेल, काय चालणार नाही, एकमेकांना मारायचं का, हे त्यात ठरतं. जॉन स्टाव्रोपुलोस नावाच्या गृहस्थाने तर टेबलाच्या मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवायची पद्धत काढली. कुणालाही एखादी गोष्ट सोसवेनाशी झाली की कार्डाला हात लावायचा. ती गोष्ट तिथेच काढून टाकायची, कारण विचारायचं नाही. अमेरिकेत यावर पुष्कळ चर्चा झाली. आमच्या गल्लीत हे कार्ड फुकट मिळायचं. मूठ तोंडाजवळ नेऊन "टॅम्प्लीज!" म्हटलं की पाठीवर येणारा चेंडूसुद्धा हवेत थांबायचा. आणि धाकट्या भावंडाला आधीच 'लिंबूटिंबू' ठरवून घेतलेलं असायचं. म्हणजे तो खेळणार, पळणार, ओरडणार. पण त्याच्यावर राज्य येणार नाही. सातव्या वर्षी आम्हाला जी नीती तोंडपाठ होती, तिला पुढे बैठक आणि कार्ड लागतं.

चहाचे कप घेऊन मी खाली आलो आणि निकाल सांगितला : चोर निर्दोष आहे. तो चोर आहे, त्याने चोरासारखं वागावं हे योग्यच झालं. अकाउंटंट मात्र दोषी आहे.

अकाउंटंट बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, बुटक्याला जिवंत करता येईल. खेळात तसा मंत्र आहे. त्याला पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. तो आपल्या चोराचं होतं नव्हतं ते विकून हिरा आणायला तयार होता. सगळ्यांनी मास्तराकडे पाहिलं. तो म्हणाला, "नको. मेला तो मेला. त्याला झोपेत मरण आलं असतं तरी चाललं असतं मला. तू आधी विचारलं असतंस, तर मीच तुला सांगितलं असतं की अंगठी कुठल्या कप्प्यात आहे."

या उत्तरापुढे माझं सगळं तत्त्वज्ञान थंड चहासारखं झालं. पुढच्या शनिवारी मास्तर नवीन पात्र घेऊन आला, बुटक्याची धाकटी बहीण. आल्या आल्या ती चोराच्या शेजारी बसली आणि तिने विचारलं, "माझ्या भावाला कुणी मारलं, तुला काही माहीत आहे का?" त्याआधी अर्धा तास तो आणि अकाउंटंट स्वयंपाकघरात दार लावून बसले होते. आतून हसण्याचा आवाज येत होता.

एकूण खेळातल्या लोकांचं बरं चाललं आहे. त्यांना स्वयंपाकघरात जाऊन ठरवून येता येतं. बाकीच्यांची पंचाईत आहे. जन्माला यायच्या आधी आपली अशी बैठक झाली नाही, कार्डही कुणी दिलं नाही, आणि मूठ तोंडाजवळ नेऊन टॅम्प्लीज म्हटलं तर समोरचा साहेब विचारतो, "दात दुखतोय का?" तेव्हा एवढंच करता येतं, की उद्या आपल्या तोंडून "काय करणार, माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं" असं वाक्य निघायला लागलं, तर ते अर्ध्यावर थांबवून जरा समोरच्याकडे बघावं. तो कोण म्हणून बसला आहे? वजीर म्हणून, भिडू म्हणून, की लिंबूटिंबू म्हणून? वजीर असेल तर खुशाल घ्या. पण बहुतेक वेळा तो वेफर्स खात निवांत बसलेला असतो, आणि पाठ आपल्याकडे असते.